'सोडेनाज थॉट' : बोलण्यातल्या इंग्रजीची चिल्लर

अर्धविराम (धागाकर्ता)

चौदा वर्षं इंग्रजीत मेल लिहितोय, अहवाल वाचतोय, वर लोकांच्या व्याकरणाच्या चुकाही काढतोय. पण समोरचा भरभर बोलायला लागला की माझी दांडी गुल. गंमत म्हणजे मी मोठ्या शब्दांवर अडत नाही. 'इन्फ्रास्ट्रक्चर', 'रिकन्सिलिएशन' असले धोंडे मला लांबूनच दिसतात. ठेच लागते ती बारक्या खड्यांची.

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याला विचारून त्याच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं. इंग्रजी ही त्याची घरची भाषा. त्यातला तेरा सेकंदांचा एक तुकडा मी निदान पंधरा-सोळा वेळा ऐकला. सुरुवात कानावर पडली ती अशी: 'सोडेनाज थॉट'. कोण कुणाला सोडेना? शेवटी वेग निम्मा करून कागदावर उतरवलं:

'सो देन आय जस्ट थॉट, वेल, इफ ही डझन्ट ईव्हन नो, देन व्हाय ॲम आय वरिंग. सो आय सॉर्ट ऑफ लेफ्ट इट. बट देन शी कॉल्ड मी, कॉज शी ऑल्वेज डझ, अँड आय वॉज लाइक, ओके, मेबी नॉट नाऊ दो.'

मग पेन घेऊन मोजत बसलो. एकूण ४० शब्द. त्यात धड म्हणावं असं नाम एकही नाही. ('सॉर्ट ऑफ'मधला 'सॉर्ट' कधीकाळी नाम होता, आता निवृत्त.) वजनदार क्रियापदं पाच: थॉट, नो, वरिंग, लेफ्ट, कॉल्ड. बाकी सगळी चिल्लर. सर्वनामं ९, उभयान्वयी अव्ययं ६. क्रियाविशेषणं मोजताना मात्र हात टेकले, कारण 'वेल' आणि 'दो' नेमके कुठल्या रकान्यात टाकायचे तेच कळेना.

प्रश्न असा की ही चिल्लर एकमेकांना चिकटते कशी? काही नियम आहे, की नुसतं ऐकून ऐकून अंगवळणी पडण्याची वाट बघायची?

उगाचच

नियम कसला डोंबलाचा. सगळा भराव आहे. आपण नाही का 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय म्हणतात त्याला' लावत? क्रियापद पकडा, बाकी सोडून द्या. पैज लावतो, अर्थ तसूभरही बदलत नाही.

खारुताई

उगाचच, पैज हराल. पण आधी धागाकर्त्याचं बघू.

मी सबटायटलं करते, म्हणजे दिवसभर हेच ऐकते. इंग्रजीत ठेका अर्थाच्या शब्दावर पडतो आणि मधले शब्द त्या ठेक्यांच्या फटीत कोंबले जातात. 'अँड'चा बहुतेक वेळा नुसता 'न्' उरतो. 'बिकॉज'चा 'कज'. 'ही', 'हिम', 'हिज', 'हर' यांतला 'ह' वाक्याच्या तोंडाशी असला किंवा त्याच्यावर मुद्दाम जोर असला तरच टिकतो, मध्ये सापडला की गळतो. म्हणून 'इफ ही'चं होतं 'इफी', 'व्हेन ही'चं 'वेनी', 'अँड देन ही'चं 'न्देनी'. 'सो आय' म्हणताना मध्ये एक 'व' उगवतो, 'सोवाय'. अमेरिकन तोंडात 'बट आय'चं 'बडाय' होतं आणि 'बट ही'चं चक्क 'बडी'. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस सारखा कुणाला मित्रा मित्रा म्हणतोय?

आपली गोची अशी की मराठीत आपण प्रत्येक अक्षराला न्याय देतो. त्यामुळे कान 'अँड'ची वाट बघत बसतो आणि समोरून आलेला 'न्' दारातूनच परत जातो.

आता तुमचा तुकडा पुन्हा बघा. बोलण्याचा प्रत्येक झटका कसा सुरू होतो? 'सो देन आय जस्ट', 'इफ ही डझन्ट ईव्हन', 'बट देन शी', 'कॉज शी ऑल्वेज'. आधी जोडणारा शब्द, मग कोण, मग 'नुसतं / तरी / नेहमी' छापाचा शब्द, आणि मग कुठे क्रियापद. मी याला 'मूठ' म्हणते. क्रियापद हे पातं, आणि बोलणारा पातं काढण्याआधी मूठ धरतो. हे चार शब्द सुटे ऐकायचेच नाहीत. 'सोदेनायजस्' हा एकच शब्द आहे असं समजा.

अर्धविराम

खारुताई, मूठ हा शब्द उचलतोय. पण ती आधी धरतात कशासाठी? थेट 'आय थॉट' म्हणायला काय होतं?

खारुताई

वेळ मिळतो! वॉलेस चेफ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने बोलण्याचे तुकडे पाडून दाखवले होते. माणूस एक-दोन सेकंदांच्या झटक्यांत बोलतो आणि साधारण एका झटक्यात एकच नवी गोष्ट सांगतो. मूठ ही जुनी गोष्ट असते: 'आधीच्याशी याचा संबंध असा, आणि बोलतोय कुणाबद्दल तर याच्याबद्दल.' ती तोंडात तयार असते. तेवढ्यात डोकं पुढचं नवं शोधतं. म्हणून बोलणारा अडखळला की बहुतेक वेळा मुठीवरच अडखळतो: 'न् आय, न् आय जस्ट, न् आय जस्ट थॉट'. सबटायटलांत हे सगळं मी एकदाच लिहिते, पण कानाला ते तीनदा पडतं. शिकणाऱ्यासाठी ही मेजवानीच म्हणायची.

जुनीवही

आमच्या बाईंनी 'अँड' आणि 'बट'ने वाक्य सुरू केलं की वहीवर लाल फुली मारलेली आहे. 'बिकॉज'ने सुरू केलं तर फुली आणि खाली शेरा. आता तुम्ही म्हणताय प्रत्येक झटका त्यानेच सुरू होतो. मग चूक कोणाची, बाईंची की गोऱ्यांची?

टाचणी

बाईंची नाही, पण नियमाची आहे. आणि लेखनातही तो कधी धड पाळला गेलेला नाही. १६११ साली निघालेलं राजा जेम्सचं इंग्रजी बायबल काढा. त्यातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ३१ ओव्या आहेत आणि त्यांतल्या २९ 'अँड'ने सुरू होतात. उरलेल्या दोनांपैकी एक अर्थातच पहिली, आणि २७वी 'सो'ने. म्हणजे तिथेही जोडशब्द आहेच. मुळात हिब्रूतच जवळपास प्रत्येक वाक्याला 'आणि' चिकटलेला, भाषांतरकारांनी तो ठेवला.

बोलण्यात तर 'वाक्य' हे मापच उपयोगाचं नाही. पूर्णविराम ऐकू येतो का कुणाला? तिथे 'अँड' दोन गोष्टी जोडायला नसतो, 'थांबा, माझं संपलेलं नाही' हे सांगायला असतो. 'सो' म्हणजे 'आता मुद्द्यावर येतो' किंवा 'आता बोलायची पाळी माझी'. १९८७ साली भाषाशास्त्रज्ञ डेबोरा शिफ्रिन यांनी असल्या अकरा शब्दांवर आणि शब्दजोड्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात 'ओह' आणि 'वेल'च्या शेजारीच 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'बिकॉज' बसवलेत, आणि 'नाऊ', 'देन', 'आय मीन', 'यू नो'सुद्धा. म्हणजे अर्धविराम, तुमचा रकान्यांचा घोळ ही तुमची चूक नाही. बोलताना हे शब्द आपली शाळेतली जात सोडतात.

काडी

अवांतर: 'बिकॉज'पुढे पूर्ण वाक्य लावायचंही बंद झालंय आता. 'कान्ट कम, बिकॉज वर्क.' संपलं. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३चा 'वर्षाचा शब्द' म्हणून 'बिकॉज'च निवडला होता, तो याच वापरासाठी. जुनीवही, तुमच्या बाईंना सांगू नका.

जुनीवही

नाही सांगत. त्यांना घेरी येईल.

रात्रपाळी

उगाचच यांच्या पैजेबद्दल. माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगते.

आमच्या टीममधल्या एकीने एक आराखडा केला होता. मीटिंगमध्ये मला विचारलं, कसा वाटला? मला म्हणायचं होतं, 'तितकासा नाही आवडला.' सौम्यच. मी म्हटलं, 'आय रिअली डोन्ट लाइक इट.' पलीकडे सन्नाटा. तिने कॅमेरा बंद केला. मला कळेचना काय झालं. नंतर एका मैत्रिणीने सांगितलं, अगं तू म्हणालीस 'मला मुळीच आवडलेला नाही'. तुला म्हणायचं होतं 'आय डोन्ट रिअली लाइक इट'.

तेच पाच शब्द. फक्त 'रिअली' एक घर इकडचं तिकडे. त्या दिवसापासून मी नकाराच्या आसपास पाय जपून टाकते.

टाचणी

रात्रपाळी, यात नियम आहे आणि तो देखणा आहे. नकाराच्या नंतर जे येतं ते नकाराच्या हाताखाली जातं. 'डोन्ट रिअली' म्हणजे 'रिअली'लाच नकार: खरंच आवडलंय असं नाही. 'रिअली डोन्ट'मध्ये 'रिअली' बाहेर उभा राहून नकारालाच धक्का देतो.

'जस्ट'चंही तेच. 'आय जस्ट डोन्ट गेट इट' म्हणजे काही केल्या डोक्यात शिरतच नाही. 'आय डोन्ट जस्ट टीच' म्हणजे मी नुसतं शिकवत नाही, आणखीही काही करतो. 'स्टिल' मात्र हाताखाली जायला तयार नसतो: 'आय स्टिल हॅवन्ट सीन इट'. त्याचा भाऊ 'येट' मागे किंवा शेवटी बसतो: 'आय हॅवन्ट सीन इट येट'. दोघांचा अर्थ जवळपास एकच, पण 'स्टिल'मध्ये कुरकुर जास्त. 'इतके दिवस झाले तरी' अशी.

मराठीत आपण अशा वेळी शब्दच बदलतो. 'मला खरंच माहीत नाही' आणि 'मला नक्की माहीत नाही'. इंग्रजी शब्द तोच ठेवून जागा बदलतं, म्हणून आपल्या कानाला फरक लागत नाही.

उगाचच

बरं, पैज हरलो. पण फक्त 'रिअली'पुरती.

गोगलगाय

मराठी जागा बदलतच नाही असं नाही हं, टाचणी. 'पण मी गेलो' आणि 'मी पण गेलो' बघा. पहिल्यात 'पण' म्हणजे 'बट', दुसऱ्यात 'टू'. शब्द तोच, एका सर्वनामाच्या अलीकडे की पलीकडे एवढाच प्रश्न. आणि तिसरी जागाही आहे: 'छान आहे. घेतलं नाही पण.' हा शेवटचा 'पण' म्हणजे तंतोतंत इंग्रजीतला शेवटचा 'दो'. 'इट्स नाइस. डिडन्ट बाय इट, दो.' मी हे शिकवताना मुलांना 'दो'चं स्पेलिंग वगैरे सांगतच नाही, शेवटचा 'पण' म्हणा म्हणते. एका तासात तोंडात बसतो.

आपली खरी पंचाईत होते ती 'जरी-तरी'मुळे. 'जरी तो आला तरी मी गेलो नाही.' आपण दोन्ही खांब इंग्रजीत नेऊन रोवतो: 'ऑलदो ही केम, बट आय डिडन्ट गो.' इंग्रजीला एकच खांब पुरतो. 'जर-तर'ला 'इफ-देन' चालतं, म्हणून आपल्याला वाटतं हेही चालेल. गंमत म्हणजे गप्पांत 'ऑलदो'ने सुरुवात तशी कमीच. लोक 'बट'ने मोकळे होतात किंवा शेवटी 'दो' टाकतात.

दुसरी आपली खूण म्हणजे 'च'. 'मीच केलं'चं आपण 'आय ओन्ली डिड इट' करतो आणि 'तेव्हाच कळलं'चं 'देन ओन्ली आय न्यू'. बाहेरच्याला पहिलं ऐकून वाटतं, 'फक्त केलं? पुढे काय?' इंग्रजी तिथे शब्द घालत नाही, आवाज चढवतं. नुसत्या 'आय'वर जोर दिला की 'मीच' झालं.

तिसरी जरा नाजूक आहे, 'ईव्हन आय'. 'मलाही आवडतं' म्हणायला आपण सर्रास 'ईव्हन आय लाइक इट' म्हणतो. त्याचा अर्थ होतो, 'माझ्यासारख्यालासुद्धा आवडलं, म्हणजे बघा!' कुणाच्या गाण्याचं असं कौतुक करून बघा.

रात्रपाळी

केलंय. अगदी हेच केलंय. आणि 'सो डिड आय'चा घोळही घातलाय. कुणीतरी म्हणालं, 'यू लेफ्ट युअर माइक ऑन', म्हणजे तुझा माइक चालू राहिलाय. मी म्हणाले, 'सो डिड आय!' सगळे हसले.

टाचणी

'सो आय डिड' हवं होतं. म्हणजे 'अरे हो की!' उलटा क्रम, 'सो डिड आय', म्हणजे 'मी पण'. तुम्ही म्हणालात, माझाही राहिला. तोच माइक, दोनदा.

पाटीपेन्सिल

एक शंका. मराठीत सर्वनाम गाळता येतं. 'मग गेलो, बघतो तर दार बंद.' कोण गेलो? मी, आणि मी पुरुष, एवढं सगळं 'गेलो'तच आलं. इंग्रज लोकही बोलताना गाळतात की: 'डोन्ट नो', 'कुडन्ट फाइंड हिम'. मग मी 'बिकॉज डोन्ट नो' म्हटलं तेव्हा सरांनी चूक का काढली?

गोगलगाय

फार चांगला प्रश्न. इंग्रजीत गाळणं फक्त उंबऱ्यावर चालतं, म्हणजे बोलण्याच्या अगदी सुरुवातीला. 'डोन्ट नो' ठीक. 'अँड'च्या पुढेही चालतं, कर्ता तोच असेल तर: 'आय वेन्ट इन अँड देन सॉ हिम'. पण 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' यांनी एकदा आत नेलं की सर्वनाम लागतंच. 'कॉज आय डोन्ट नो'. तो 'आय' कितीही बारीक होऊ दे, 'कजाय' म्हणून का होईना, असतोच.

कारण सरळ आहे. 'गेलो, गेलास, गेली' यांत माणूस क्रियापदातच बसलाय. 'वेन्ट'मध्ये कुणीच नाही. सगळा भार त्या इवल्याशा सर्वनामावर. म्हणून इंग्रजीत मूठ सोडता येत नाही आणि मराठीत पाहिजे तेव्हा सोडता येते.

काडी

आणि 'मी अँड हिम वेन्ट'चं काय? म्हणजे इंग्रजी 'मी', मराठी नव्हे. लिहून बघितल्यावर माझाच गोंधळ झाला.

टाचणी

गप्पांत सर्रास चालतं, लेखी परीक्षेत मार्क जातात. सर्वनाम एकटं असलं की कुणी चुकत नाही, 'हिम वेन्ट' कुणी म्हणत नाही. मध्ये 'अँड' आला की रूप डगमगतं. आणि लहानपणी दटावणी खाल्लेले लोक उलट्या बाजूला पडतात, 'बिट्वीन यू अँड आय' म्हणतात. तिथे खरं तर इंग्रजी 'मी' हवा. सभ्य दिसायच्या नादात घडलेली चूक. मला ही जास्त खटकते, पहिली अजिबात नाही.

अर्धविराम

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. खारुताईंचा उपाय केला. सुटे शब्द पकडायचे सोडले आणि रोज एकच मूठ घेऊन ती दहा वेगवेगळ्या पात्यांना लावून मोठ्याने म्हटली. 'बडाय जस्ट नीड', 'बडाय जस्ट वॉन्ट', 'बडाय जस्ट कान्ट'. घरचे दोन दिवस बघत राहिले, मग त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. पण फरक पडला. परवाच्या कॉलवर 'वेनी' आला आणि मी थांबलो नाही. पुढचं क्रियापद आयतं हातात आलं.

मग उत्साहाच्या भरात स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं. ते नसतं केलं तर बरं. पाच मिनिटांत ११ वेळा 'ॲक्च्युअली', तेही दर वेळी वाक्याच्या तोंडाशी, जणू समोरच्याने काहीतरी चुकीचं म्हटलंय आणि मी दुरुस्त करतोय. त्याने फक्त 'हाऊ आर यू' विचारलं होतं.

खारुताई

'ॲक्च्युअली' काढू नका, हलवा. मुठीत आत सरकवून 'आय ॲक्च्युअली लाइक इट' म्हटलं की समोरचा ओशाळत नाही. 'तसं मला आवडतं बरं का', एवढाच सूर. आणि 'कसे आहात'ला 'बरा आहे' एवढंच सांगा.

एक राहिलं. तुमच्या उताऱ्यात 'अँड आय वॉज लाइक, ओके' आहे ना, तो 'लाइक' आवडण्याचा नाही. आपल्याकडच्या 'मी म्हटलं'ची जागा तो घेतो. त्यापुढचं मोठ्याने बोललेलं असेलच असं नाही, नुसतं मनात आलेलंही चालतं. आपलं 'मी म्हटलं, जाऊ दे'सुद्धा पुष्कळदा मनातल्या मनातच असतं.

उगाचच

हे सगळं ठीक. पण मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडलाय आणि कुणीच विचारत नाहीये. त्या 'ही'ला माहीत नव्हतं ते नेमकं काय? आणि 'शी'चा फोन आल्यावर पुढे काय झालं?

अर्धविराम

नाम एकही नाही म्हटलं ना, उगाचच. 'मेबी नॉट नाऊ दो' झालं आणि त्याच्या दारावरची बेल वाजली. रेकॉर्डिंग तिथेच संपतं.

उगाचच

सोडेना.